विद्यापीठाच्या संघाला प्रशिक्षक किती दिवसांचा?

पोस्ट मोठी आहे. पण वऱ्हाडातल्या ज्या घरात कॉलेजला जाणारी पोरगी आहे, त्या घरानं तरी शेवटपर्यंत वाचावी.

ओक्लाहोमा हे अमेरिकेतलं गव्हाचं आणि गुराढोरांचं राज्य. तिथं स्टिलवॉटर नावाचं एक गाव आहे, आपल्या अमरावती-अकोल्यापेक्षा कितीतरी लहान. त्या गावात १८९० साली शेतकी कॉलेज निघालं आणि १९५७ मध्ये त्याचं ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठ झालं. अकोल्याच्या आपल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं लांबचं भावंडच म्हणा.

या विद्यापीठाचा गोल्फचा संघ १९४७ मध्ये लॅब्रन हॅरिस यांनी हाती घेतला. त्यांनी तो १९७३ पर्यंत सांभाळला. १९६३ मध्ये संघ देशात पहिला आला. त्यांच्यानंतर माईक होल्डर आले. हे होल्डर हॅरिस यांच्याच हाताखाली खेळलेले. ते २००५ पर्यंत राहिले आणि त्यांच्या काळात संघानं आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९४७ ते २००५ म्हणजे अठ्ठावन्न वर्षं, आणि एवढ्या काळात प्रशिक्षक फक्त दोन. दुसरा पहिल्याचा विद्यार्थी.

गोल्फशी माझं काही घेणंदेणं नाही. माझा खेळ कबड्डी. पण हे वाचलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला आणि बोटं मोजली. तालुक्याच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यात विद्यापीठाच्या मुलींच्या कबड्डी संघासोबत अकरा वेळा गेले. त्यातली चार वर्षं प्रशिक्षक म्हणून, सात वर्षं व्यवस्थापक म्हणून. ती चार वर्षंही सलग नव्हती. एक वर्ष मी, दुसऱ्या वर्षी दुसरं कुणी, मग तिसरं, मग फिरून मी. आणि एका वर्षाचं प्रशिक्षकपद म्हणजे किती? दहा-बारा दिवसांचं शिबिर आणि आठवडाभराचा दौरा. चार वर्षांचे दिवस जोडले तर अडीच महिने होतात. बायोडेटात मात्र ‘विद्यापीठ संघाच्या प्रशिक्षक’ असं ठळक लिहिता येतं.

यात कुणा एकाला दोष देण्यासाठी मी लिहीत नाही. पद्धतच तशी आहे आणि ती फक्त आपल्याकडची नाही. कॉलेजांचे आंतरमहाविद्यालयीन सामने होतात, त्यातून निवड चाचणी, मग शिबिर, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथं पुढं गेलात तर अखिल भारतीय. ज्यांचं पत्र निघेल ते प्रशिक्षक. स्पर्धा संपली की मुली आपापल्या गावी, प्रशिक्षक आपापल्या कॉलेजात. पुढच्या वर्षी पाटी कोरी.

बाहेरच्या लोकांना वाटतं, प्रशिक्षक म्हणजे शिट्टी वाजवणारा माणूस. शिट्टीचं काम फार थोडं असतं हो. आपल्या विद्यापीठाच्या पोटात पाच जिल्हे आहेत: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम. संघातल्या बारा मुली बारा गावच्या. कुणी दर्यापूरकडची, कुणी मेळघाटाच्या पायथ्याची, कुणी पुसदची. त्यांनी एकमेकींना फक्त समोरच्या संघात पाहिलेलं असतं. कबड्डीत बचाव म्हणजे साखळी. शेजारणीचा हात कधी सुटणार, ती पट काढायला कधी झेपावणार, हे मनगटाला कळावं लागतं. ते दहा दिवसांत कळत नाही. दहा दिवसांत फार तर नावं पाठ होतात आणि कोण रात्री झोपेत बोलते ते कळतं.

त्यात आमच्या पोरींचा सराव काळ्या मातीवर. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. आणि मोठी स्पर्धा मॅटवर. मॅटवर बूट लागतात, पाय वेगळा वळतो, मातीवरची चाल तिथं घसरते. एका वर्षी माझ्या बारापैकी सात मुलींनी मॅटचे बूट आयुष्यात पहिल्यांदा घातले ते शिबिराच्या तिसऱ्या दिवशी. नवे बूट चावले, टाचांना फोड आले. त्या टाचांना चिकटपट्टी लावून आम्ही गाडीत बसलो.

गाडी म्हणजे बडनेऱ्याहून रात्रीची. स्पर्धेच्या तारखा उशिरा कळायच्या, मग आरक्षण कुठून मिळणार? चौदा माणसं आणि पक्की तिकिटं पाच, असंही झालं आहे. मुली दोन बाकांच्या मधल्या जागेत बॅगा अंथरून झोपायच्या. मी दाराच्या बाजूला बसून जागी. सकाळी उतरलं की दुपारी सामना. दुसऱ्या एका राज्यात यजमानांनी आम्हाला एका शाळेच्या वर्गात उतरवलं, बारा मुलींना एक नळ. तिथल्या मोठ्या विद्यापीठांच्या मुली आदल्या दिवशी येऊन, झोपून, मॅटवर सराव करून बसलेल्या. आम्ही एका गुणानं हरलो. लोक म्हणाले, “वऱ्हाडच्या पोरी शेवटी शेवटी दमतात.” दमणार नाही तर काय करतील?

पण माझ्या नोकरीतलं खरं काम यातलं काहीच नव्हतं. खरं काम होतं पोरगी घराबाहेर काढण्याचं. आंतरमहाविद्यालयीन सामने असतात तेव्हा सोयाबीनची सोंगणी असते. शिबिर लागतं तेव्हा कापसाची वेचणी. स्पर्धेच्या वेळापत्रकाला आपलं पीक माहीत नाही आणि पिकाला स्पर्धा माहीत नाही. मधे प्रशिक्षक.

२००८ ची गोष्ट. माझ्याकडं एक पोरगी होती, उजवा कोपरा खेळायची. अंगानं काटकुळी. पण घोटा धरला की समोरची कितीही दणकट असो, मध्यरेषेपर्यंत पोचायची नाही. तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि शिबिराच्या पहिल्या दिवशी ती आलीच नाही. मी मूर्तिजापूरकडच्या तिच्या गावी गेले. सगळं घर वावरात. बाप ओळीतून न उठताच बोलला, “मॅडम, पोट्टी गेली त कापूस कोन येचन? मजूर भेटत नाई.”

मी म्हटलं, “भाऊ, विद्यापीठाचा संघ आहे. कलरकोट मिळतो.”

“कोट घालून निंदाले जाईन काय मंग थे?”

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. बोलली ती तिची आई. ओटीतला कापूस गाठोड्यात ओतत म्हणाली, “जाऊ द्या तिले. तिच्या वाटचा मी येचतो.”

त्या वर्षीच्या आमच्या संघातला उजवा कोपरा असा मिळाला. एका बाईनं दोन बायांचं काम अंगावर घेतलं म्हणून. अहवालात तिचं नाव कुठं येणार? अहवालात ‘प्रशिक्षक’ म्हणून माझं नाव होतं.

आता कुणी म्हणेल, मॅडम, हे सगळं गरिबीचं झालं, यात प्रशिक्षकाचा काय संबंध? संबंध आहे. तो बाप माझ्याशी बोलला कारण मी त्याच्या मोठ्या मुलीला शिकवलं होतं आणि पंधरा वर्षं त्याच रस्त्यानं जात-येत होते. दहा दिवसांसाठी पत्र घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला त्यानं वावरात उभं केलं नसतं. संघ घडवायला आधी एका जागी राहणारा माणूस लागतो. डावपेच नंतर.

आणि हे आपल्या वऱ्हाडाला नव्यानं सांगायची गरज नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. वैद्य बंधूंनी ते काढलं आणि आयुष्यभर त्याच आखाड्यात राहिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं तिथं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. कबड्डी टीव्हीवर येण्याच्या किती आधी, बघा. मी स्वतः याच मंडळाच्या मैदानावर शिकले. तिथं सकाळी पाचला मैदान झाडायला जाणारे गुरुजी पाहिले. ते कुठल्याही संघाचे ‘अधिकृत’ प्रशिक्षक नव्हते. ते फक्त रोज असायचे.

आत्ताची उदाहरणं घ्या. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजी खेळलेला प्रवीण जाधव साताऱ्याच्या फलटण तालुक्यातला, शेतमजुराचा मुलगा. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी त्याला हेरलं आणि तो धनुष्य शिकला ते अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत. बुलढाणा जिल्ह्यातला बॉक्सर अनंता चोपडे अकोल्याच्या प्रबोधिनीत घडला, २०२२ मध्ये त्यानं थायलंड ओपनचं सुवर्णपदक आणलं. साताऱ्याचा पोरगा अमरावतीला का आला? बुलढाण्याचा अकोल्यात का राहिला? कारण तिथं वर्षाचे बाराही महिने शिकवणारं कुणीतरी होतं. हवापाण्याचा काही चमत्कार नाही. आपल्या उन्हात धनुष्य ताणणं ही काय चैन आहे?

म्हणजे राहणारा माणूस दिला की वऱ्हाडात ऑलिम्पिकपर्यंत जाणारा खेळाडू तयार होतो, हे सिद्ध झालेलं आहे. प्रश्न एवढाच की कॉलेजांना आपण असा माणूस का देत नाही.

कॉलेजात असा माणूस म्हणजे शारीरिक शिक्षण संचालक. नाव मोठं आहे, पद एकच असतं. इतिहासाचे दोन प्राध्यापक असू शकतात, मराठीचे तीन. खेळाचा एकच. तो गेला की शून्य. बाकीच्या विषयांना निदान तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं, वर्ग चालतो. मैदानाचा तास वेळापत्रकात नसतो, त्यामुळे त्याची आठवण कुणाला येत नाही. कुणातरी प्राध्यापकाला ‘प्रभारी’ करतात. त्या बिचाऱ्याला अर्थशास्त्र शिकवायचं असतं. तो प्रवेशिकेवर सही करतो, कधीकधी संघाबरोबर जातोही. त्याचा राग नाही. पण बोनस कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, हे त्यानं कुठून सांगावं?

२०१८ मध्ये राज्य शासनानं कॉलेजांमधल्या ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या भरतीला मान्यता दिली, तेव्हा शारीरिक शिक्षण संचालकांची पदं होती १३९. संपूर्ण महाराष्ट्रासाठी. २०२१ मध्ये परत मान्यता आली, त्यात संचालकांची १०२. मान्यता म्हणजे नेमणूक नव्हे. मान्यतेनंतर ना हरकत, मग बिंदुनामावली, मग जाहिरात, मग मुलाखत. प्रत्येक टेबलावर फाईल मुक्काम करते.

मी २०२१ मध्ये निवृत्त झाले. माझी जागा अजून रिकामी आहे. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण माझ्यासारखी कितीतरी कॉलेजं आहेत आणि प्राचार्यांच्या हातात यातलं फारसं काही नसतं. क्रीडा विभागाची किल्ली आता प्रयोगशाळेतल्या एका कर्मचाऱ्याकडं असते. मैदानावर परीक्षेच्या काळात गाड्या लागतात. कबड्डीच्या रेषांवर गवत आलं आहे. मागच्या वर्षी कॉलेजचा मुलींचा संघ उतरलाच नाही. हरला असता तर वाईट वाटलं नसतं.

आणि ती उजवी कोपरा? तिचं सांगते, मग थांबते.

कलरकोट मिळाला. त्यानंतर आणखी दोन वर्षं ती विद्यापीठाकडून खेळली. पदवी झाली, मग अमरावतीला बी.पी.एड., एम.पी.एड. २०१५ मध्ये सेट पास झाली. म्हणजे माझ्या खुर्चीत बसायला कागदोपत्री पूर्ण पात्र. हॅरिसच्या हाताखालून होल्डर निघाला तसं आमच्या मातीतूनही निघालं होतं की! फक्त खुर्चीची जाहिरात निघाली नाही.

शारीरिक शिक्षण संचालक व्हायला नेट-सेटबरोबर एक शारीरिक चाचणीही असते, यूजीसीच्या नियमातच आहे. बायकांसाठी आठ मिनिटांत ठरलेलं अंतर पार करायचं, धावत किंवा चालत. वय तिशीपर्यंत असेल तर १००० मीटर. चाळिशीपर्यंत ८००. पंचेचाळीसपर्यंत ६००. पन्नाशीपर्यंत ४००. सेट पास झाली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, तिला १००० मीटर धावायचं होतं. जाहिरातीची वाट बघता बघता ते अंतर ८०० वर आलं. परवा फोनवर हसत म्हणाली, “मॅडम, आनखी पाच-सहा वर्सं थांबलो त सहाशेच पयावं लागते.”

मी हसले. काय करणार?

सध्या ती एका खासगी अकादमीत पोलीस भरतीच्या मुलींना धावायला शिकवते. महिन्याचं मानधन, तेही भरतीच्या हंगामात. सकाळी पाच ते आठ. मग घरी स्वयंपाक, मग वावर. तिच्या हाताखालच्या दोन मुली पोलिसात लागल्या. खेळाडूंसाठी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरलेल्या पातळीवरचं प्रमाणपत्र हवं आणि ते पडताळणीत टिकायला हवं. कॉलेजचा संघच उतरत नसेल तर प्रमाणपत्र आणायचं कुठून? म्हणजे संचालकाची एक जागा रिकामी राहिली की फक्त एक पगार वाचत नाही. त्या गावातल्या दहा-वीस पोरींची नोकरीची एक वाट बंद होते. गरिबाच्या पोरीसाठी मैदान ही मौज नाही, अर्ज करायची ती एक खिडकी आहे.

पैसा नाही असं सांगू नका. निधी अमक्या खात्याचा, अधिकार तमक्या खात्याचा, हे तीस वर्षं ऐकलं आहे. याच अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं. मला त्याचा अभिमानच आहे, त्या उन्हात काम केलेल्या मजुरांना सलाम. पण त्याच रस्त्यावरच्या कॉलेजात एक माणूस नेमायला किती तास लागतात? तो विक्रम कोण मोजतंय?

कुणी म्हणेल, आता खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा आहेत, २०२० पासून भुवनेश्वरहून सुरुवात झाली, टीव्हीवर दिसतात. चांगलं आहे, व्हायलाच हव्यात. पण स्पर्धा हे छप्पर आहे, कॉलेजचं मैदान ही जोती. जोत्याशिवाय छप्पर किती दिवस उभं राहील, हे आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला विचारा.

मागणं फार नाही.

एक, शारीरिक शिक्षण संचालकाचं पद ‘एकल पद’ आहे हे ओळखून ते रिकामं होण्याआधी भरायची प्रक्रिया सुरू व्हावी. निवृत्तीची तारीख नोकरी लागते त्या दिवशीच माहीत असते, ती काही अपघातानं येत नाही.

दोन, विद्यापीठाच्या प्रत्येक संघाला प्रशिक्षक निदान तीन-चार वर्षांसाठी नेमा. मुलगी पहिल्या वर्षाला आली आणि पदवी घेऊन गेली, तेवढा काळ तरी तिच्यामागं एकच माणूस असू द्या. तो वाईट निघाला तर बदला. पण आधी त्याला चांगलं निघायला वेळ द्या.

तीन, स्पर्धेच्या तारखा लवकर ठरवा आणि संघाची तिकिटं आधी काढा. बारा मुली रात्रभर डब्याच्या जमिनीवर झोपून सकाळी कुणाशीही बरोबरीनं खेळू शकत नाहीत. यात क्रीडाशास्त्र काही नाही, साधी माणुसकी आहे.

आणि तुमच्यासाठी एक काम. जूनमध्ये पोरीच्या प्रवेशाला कॉलेजात जाल तेव्हा फी विचारता, वसतिगृह विचारता. तसंच एक विचारा: “इथं शारीरिक शिक्षण संचालक पूर्णवेळ आहेत का? किती वर्षांपासून जागा रिकामी आहे?” मिळालेलं उत्तर इथं खाली लिहा. कॉलेजचं नाव नको, फक्त तालुका आणि वर्षं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, पाचही जिल्ह्यांतून आलं पाहिजे. यादी झाली की ती घेऊन मी स्वतः मुंबईला जाईन. तिकीट मी माझं काढीन. सोबत एकजण येणार आहे, सेट पास, वय पस्तीस, आठ मिनिटांत आजही १००० मीटर धावते.